घरी वायफाय लावायला सरकारी मदत मिळते का? (मानखुर्द, केशरी कार्ड)

मानखुर्दची_थोरली

नमस्कार, इथे खूप दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. प्रश्न साधा आहे. मुंबईत कमी उत्पन्नाच्या घराला घरचं इंटरनेट लावायला सरकारकडून काही मदत मिळते का? गॅसला, रेशनला असतं तसं काही?

कारण सांगते. आई चेंबूरला तीन घरची कामं करते. त्यातल्या एका मॅडमची नणंद अमेरिकेहून आली होती, ती म्हणाली की आमच्याकडे गरीब घरांना सरकार नेटचे पैसे देतं. झालं, आई घरी आली ती हेच घेऊन, की बघ गं, आपल्याकडे कुठे फॉर्म मिळतो का. मी एका सीएच्या ऑफिसात टॅली मारते म्हणजे मला जगातले सगळे फॉर्म माहीत असणार असा तिचा समज आहे.

आम्ही पाच जण, पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये एक रूम. बाबा वॉचमन, नाइट ड्युटी, म्हणजे दिवसा ते झोपलेले असतात आणि सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. बहीण बारावी सायन्स, सीईटीची तयारी यूट्यूबवर आणि ऑनलाइन मॉक टेस्टवर चाललीय कारण क्लासची फी ऐकूनच आम्ही जिना उतरलो. भाऊ दहावीला, तो संध्याकाळी आईचा फोन घेऊन बसतो. स्मार्टफोन तीन, तिन्हीत २९९ चा रिचार्ज, रोज दीड जीबी. बहिणीचं दीड जीबी दुपारी चारला संपतं, मग ६४ केबीपीएसवर गोल गोल फिरत बसतं, परवा मॉक टेस्टमध्ये ४१ व्या प्रश्नाला अडकलं ते अडकलंच. मी साडेआठला घरी पोचते तेव्हा ती दारातच उभी असते, माझ्यासाठी नाही, माझ्या हॉटस्पॉटसाठी.

वायफायची चौकशी केली. प्लॅन ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१. ते एकवेळ जमवू. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एकच केबलवाला येतो आणि तो म्हणतो सहा महिन्यांचे एकदम भरा आणि वर बॉक्सचं डिपॉझिट दीड हजार. हिशोब केला तर ४,३२६. एवढे एकदम कुठून आणायचे? कार्ड केशरी आहे. कोणाला काही योजना माहीत असेल तर सांगा, नसेल तरी सांगा म्हणजे आईला तसं सांगते.

चहात_बिस्कीट

ताई, सरळ उत्तर: नाही. घरच्या नेटचं बिल सरकार भरतं अशी योजना ना केंद्राची आहे ना राज्याची ना महापालिकेची. उलट त्या ४७१ मध्ये ७२ रुपये जीएसटी आहे, १८ टक्के. म्हणजे मदत तर सोडाच, वर्षाला ८६४ रुपये तुम्हीच सरकारला देणार. आईंना हे सांगू नका, बीपी वाढेल.

एडिसन_व्हाया_ठाणे

त्या नणंदबाई खोटं नाही बोलल्या, फक्त जुनी बातमी सांगून गेल्या. मी न्यू जर्सीत असतो, आमच्या इथल्या लायब्ररीत लोकांना हाच फॉर्म भरून द्यायला मी शनिवारी बसायचो म्हणून नीट सांगतो.

त्या योजनेचं नाव होतं अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम. २०२१ च्या ३१ डिसेंबरला सुरू झाली. त्याआधी कोविडमध्ये ५० डॉलरची तात्पुरती योजना होती, तिच्याच जागी ही आली. महिन्याला ३० डॉलरपर्यंत, आदिवासी जमिनींवर राहणाऱ्यांना ७५. पैसे हातात नाही यायचे, कंपनीच्या बिलातून परस्पर वजा व्हायचे, आणि बऱ्याच कंपन्यांनी बरोबर ३० चेच प्लॅन काढले त्यामुळे कित्येकांचं बिल शून्य. लॅपटॉप किंवा टॅबलेटला एकदाच १०० डॉलरपर्यंत सूट. कोणाला मिळायची, तर तिथली जी दारिद्र्यरेषा आहे तिच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल त्याला, किंवा घरात कोणी सरकारी फूड कूपनवर असेल, मेडिकेडवर म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेवर असेल, शाळेत फुकट जेवण घेणारं पोरगं असेल त्यालाही. हा भाग मला फार आवडायचा, की एका योजनेत तुझं नाव आहे ना, मग पुन्हा गरिबी सिद्ध करत बसू नकोस.

२ कोटी ३० लाख घरं होती त्यात. संसदेने १,४२० कोटी डॉलर दिले होते, ते संपले, पुढचे मंजूर केलेच नाहीत. ७ फेब्रुवारी २०२४ ला नवीन अर्ज बंद आणि १ जून २०२४ ला योजनाच बंद. माझ्याकडे एक आजी यायच्या, नातवाचा होमवर्क ऑनलाइन, त्यांना मे महिन्यात पत्र आलं की पुढच्या महिन्यापासून पूर्ण बिल. त्या पत्र घेऊन माझ्याकडेच आल्या, जणू मीच बंद केली योजना. काय सांगणार?

आता तिथे उरलंय ते लाइफलाइन, १९८५ पासूनचं, मुळात लँडलाइन फोनसाठी होतं आणि २०१६ पासून नेटलाही लागू केलं. महिन्याला ९.२५ डॉलर. तेवढ्यात आमच्याकडे दोन कप कॉफी येते. त्यामुळे आईंना सांगा, तिकडेही आता फार काही उरलेलं नाही.

दादर_ब्रिज

चहात_बिस्कीट, "ना केंद्राची ना राज्याची" हे महाराष्ट्रापुरतं बरोबर आहे, देशात एका राज्याने केलंय. केरळने. के-फोन म्हणून स्वतःची सरकारी फायबर कंपनी काढली, ५ जून २०२३ ला उद्घाटन झालं, २० लाख बीपीएल घरांना फुकट नेट आणि बाकीच्यांना स्वस्तात अशी घोषणा. पहिला टप्पा मात्र प्रत्येक विधानसभा मतदारसंघात १०० घरं, मतदारसंघ १४०, म्हणजे १४ हजार. २० लाख कुठे आणि १४ हजार कुठे. तरी निदान सुरुवात तरी केली म्हणायची. तिथल्याच हायकोर्टाने २०१९ ला, हॉस्टेलमध्ये मुलींना मोबाइल वापरायला बंदी होती त्या केसमध्ये, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं होतं.

आता पैशाचं. आपल्याकडे पैसा नाही असं कोणी म्हणू नका. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के एका फंडात जातात, २००२ पासून. आधी यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. त्यातून खेड्यापाड्यात टॉवर, ग्रामपंचायतींना भारतनेटची फायबर वगैरे होतं, आणि हजारो कोटी न वापरता पडून राहतात अशी टीकाही वर्षानुवर्षं होतेय. गंमत बघा, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात या निधीच्या कामात ग्रामीण आणि दुर्गम भागाबरोबर "शहरी" हा शब्दही आहे, जिथे सेवा कमी पोचलीय असा शहरी भाग. म्हणजे मानखुर्द-गोवंडी कागदावर बसू शकतं. पण सरकारी डोक्यात अजून असंच आहे की मुंबईत टॉवर आहे, रेंज आहे, फायबर दारातून जाते, मग मुंबईला कसली अडचण. फायबर दारातून जाते आणि आत येत नाही याला सरकारी भाषेत शब्दच नाही.

आणि उद्या मुंबईत अशी योजना आलीच तर ती रेशनकार्डावर येणार हे लिहून ठेवा. तिथे वेगळाच घोळ. केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३. अन्नसुरक्षेत शहरात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ५९ हजार, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. मुंबईत पाच हजारात पाच माणसांचं घर कोण चालवतं मला दाखवा. म्हणजे एकतर लोकांनी खोटं उत्पन्न लिहायचं नाहीतर योजनेबाहेर बसायचं. एडिसनवाल्यांनी लिहिलंय तसं दारिद्र्यरेषेच्या दुप्पट धरलं असतं तरी आपल्याकडे अर्धी मुंबई बाहेरच राहिली असती कारण मूळ रेषाच जमिनीला टेकलीय.

असो, मी फार लांबवलं. माझं नाव बघून कळलं असेल, मी २०१७-१८ ला दादर स्टेशनच्या ब्रिजवर उभा राहून लेक्चर डाउनलोड करायचो, स्टेशनवरचं फुकट वायफाय होतं तेव्हा. ते आधी जानेवारी २०१६ ला मुंबई सेंट्रलला आलं, मग बाकी स्टेशनांना. दोन वर्षं काढली त्यावर. लोक समजायचे मी गाडीची वाट बघतोय.

चहात_बिस्कीट

मान्य, केरळ राहिलं. २०१७ ला राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी फुकट वायफाय सुरू केलं होतं तेही राहिलं. पण चौकातलं वायफाय चौथ्या मजल्यावर चढत नाही आणि बारावीची मुलगी रात्री दहाला चौकात उभी राहू शकत नाही. त्यामुळे तिच्या प्रश्नाचं उत्तर मी देतोय तेच.

खडूफळा

मी शिक्षिका आहे, कुर्ल्याला. थोरली, एक विचारते, राग मानू नकोस, तुमचं जातीचं सर्टिफिकेट कुठल्या प्रवर्गाचं आहे? कारण महाराष्ट्रात डेटा फुकट मिळेल अशी एक गोष्ट खरंच आहे आणि ती लोकांना "इंटरनेट योजना" म्हणून माहीतच नसते कारण ती तशी नाहीच. महाज्योती. नागपूरची सरकारी संस्था, ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी. जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन कोचिंग देतात, त्याच्याबरोबर टॅबलेट आणि रोज ६ जीबी डेटा असलेलं सिम. तुझ्या बहिणीचं दुपारी चारला संपणारं दीड आणि हे ६, बघ.

वाईट बातमी अशी की अर्ज दहावीनंतर अकरावी सायन्सला जाताना करायचा असतो, दोन वर्षांची बॅच असते. बहिणीची वेळ गेली. पण भाऊ दहावीला आहे ना? त्याच्यासाठी आत्तापासून नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं सर्टिफिकेट, काढून ठेव. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतात, आणि जूनमध्ये निकालानंतर तहसीलला जी रांग लागते ती मी दरवर्षी बघते, मुलं रडतात अक्षरशः. टक्क्यांची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच आणि भावाला आत्ताच सांग.

आणि अजून एक, २०१५ ला महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले होते आठवतात का कोणाला? त्यात पुस्तकं आधीच भरलेली होती, नेटचा प्रश्नच ठेवला नव्हता. तेव्हा आम्ही नावं ठेवली. पण नेट नसलेल्या घरात चालेल अशी वस्तू द्यायची हा विचार तरी कोणीतरी केला होता. कोविडमध्ये मी ४२ मुलांच्या वर्गाला ऑनलाइन शिकवत होते, रोज १४-१५ दिसायची. बाकीची कुठे होती, तर बाबा कामावर फोन घेऊन गेलेले.

हिशोबनीस

योजना-बिजना सोडा, मी आकडे मांडतो.

आत्ता: २९९ गुणिले ३ फोन = ८९७, दर २८ दिवसांनी. वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात (ही २८ दिवसांची चलाखी ज्याने काढली त्याला माझा नमस्कार). वर्षाचे ११,६६१.

वायफाय घेतलं तर: ४७१ गुणिले १२ = ५,६५२. मग तिन्ही फोनना डेटा कशाला? डिसेंबर २०२४ ला ट्रायने (टेलिकॉमवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत, ८४ दिवसांचे साडेचारशेच्या आसपास मिळतात. ॲपवर पहिल्या पानावर दाखवत नाहीत, खाली शोधावं लागतं. दोन फोन त्यावर टाका, वर्षाचे ३,९००. तुमच्या एका फोनला डेटा राहू दे, ३,८८७. एकूण १३,४३९.

म्हणजे फरक वर्षाला १,७७८. महिन्याला दीडशे. चार पट डेटा काय, शंभर पट डेटा, दीडशे रुपयांत. तुमचा प्रश्न महिन्याच्या बिलाचा नाहीच, तो सुरुवातीच्या ४,३२६ चा आहे. ऑफिसमधून ॲडव्हान्स घ्या.

मानखुर्दची_थोरली

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

हिशोबनीस काका (काकाच असाल असं धरते), आकडे बरोबर आहेत, मी ऑफिसात कॅल्क्युलेटरवर पुन्हा मारले. पण आईचा डेटा काढता येणार नाही. मॅडम लोक फोन करत नाहीत, व्हॉट्सॲपवर टाकतात, "आज येऊ नको बाहेर चाललोय" किंवा "आज लवकर ये पाहुणे आहेत". मागे एकदा तिचं नेट संपलं होतं तर मेसेज दिसला नाही, चेंबूरला जाऊन बंद दार बघून परत आली आणि वर ऐकून घेतलं की मेसेज टाकला होता ना. त्यामुळे बहिणीचा एकच फोन कॉलवाला होऊ शकतो. मग फरक दीडशेचा नाही राहत, तीनशेच्या वर जातो.

खडूफळा मॅडम, राग कसला, आमचं एनटी-बी आहे, म्हणजे भटक्या जमाती ब. बहिणीच्या दहावीला हे कळलं असतं तर... जाऊ दे. नॉन क्रिमीलेअर नाही काढलेलं, या शनिवारी जाते. भावाला सांगितलं तर पहिला प्रश्न, त्या टॅबवर गेम चालतो का.

वायरमन_दादा

मी या लाइनीत बारा वर्षं आहे, ट्रॉम्बे साइडलाच, म्हणून आतलं सांगतो, माझं नाव कोणी विचारू नका.

सहा महिने एकदम हा कंपनीचा नियम नसतो ताई, तो एरियातल्या माणसाचा नियम असतो. त्याला भीती असते की वस्तीतलं गिऱ्हाईक दोन महिने भरेल, तिसऱ्याला बॉक्स घेऊन गायब होईल, तसं होतं पण, खोटं नाही बोलणार, माझेच बॉक्स गेलेत. पण बिल्डिंगमध्ये तो एकटा आहे म्हणून त्याला ते जमतं. तर करायचं काय, बाजूच्या बिल्डिंगमध्ये दुसरी लाइन कोणाची आहे बघ. डीपी बॉक्स (जिथून घराघरात लाइन फुटते तो डबा) तिथे असेल तर गच्चीवरून ड्रॉप वायर, म्हणजे घरापर्यंतची वायर, शंभर-दीडशे मीटर आरामात येते. तुमच्या कमिटीची परवानगी लागेल, बऱ्याच वेळा कमिटीच एकाशी बांधलेली असते, पण चार-पाच रूमवाल्यांनी मिळून सेक्रेटरीला सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. आणि दुसरा येतोय एवढं पहिल्याच्या कानावर गेलं ना, की त्याचेच सहा महिन्यांचे एका महिन्यावर येतात. हे मी पन्नास वेळा बघितलंय.

डिपॉझिट घेतो त्याची पावती घे, तोंडी नको. बॉक्स परत केल्यावर पैसे परत हे त्यावर लिहून घे. आणि वायर दाराच्या फटीतून आणू देऊ नको, उंदीर महिन्यात कुरतडतो, मग तू रोज फोन करणार आणि मी रोज उद्या येतो म्हणणार.

घाटला_व्हिलेज

एवढं कशाला, शेजारच्या तीन रूम मिळून एक कनेक्शन घ्या, ११८ रुपये प्रत्येकी, पासवर्ड वाटून घ्या. आमच्या चाळीत सगळे असंच करतात.

दादर_ब्रिज

करतात सगळे, पण कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचं केवायसी असतं. शेजारच्या पोराने त्यावरून काही उद्योग केले तर पोलीस पहिल्यांदा थोरलीच्या दारात. आणि पैसे घेऊन नेट वाटणं तसं नियमात बसतही नाही. नियमात बसणारा रस्ता म्हणजे पीएम-वाणी, डिसेंबर २०२० ला केंद्राने मंजूर केलेला, त्यात किराणावाला, चहावाला कोणीही लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो, पाच-दहा रुपयांचं छोटं पॅकसुद्धा. तुमच्या बिल्डिंगखाली एखाद्या दुकानदाराने लावलं तर खालच्या दोन मजल्यांचं काम होईल. पण त्याला कोणीतरी बसवून समजावलं पाहिजे, आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्याला मी तीन वेळा समजावलं, तो म्हणाला त्यापेक्षा मी लॅमिनेशनचं मशीन घेतो.

घाटला_व्हिलेज

आमच्याकडे कधी पोलीस आले नाहीत ब्वा. कायद्याने चालायचं म्हटलं तर गरिबाने श्वास पण पावती घेऊन घ्यायचा.

खडूफळा

भांडू नका रे. थोरली, तोपर्यंत बहिणीला जवळपास अभ्यासिका आहे का बघ, नगरसेवक-आमदार निधीतल्या असतात, काहींमध्ये वायफाय असतं. सीईटीच्या प्रवेशाचे पर्याय भरायची वेळ येईल तेव्हा मात्र मोबाइलवर भरू देऊ नकोस. मोठ्या स्क्रीनवर, शांतपणे, शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने फोनवर भरताना पहिला आणि सहावा पर्याय उलटा टाकला, मिळालं ते घ्यावं लागलं.

मानखुर्दची_थोरली

अपडेट द्यायला उशीर झाला, तीन आठवडे झाले. वायरमन दादा म्हणाले तसंच झालं. बाजूच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याची लाइन निघाली, मी आणि आमच्या मजल्यावरच्या दोन रूमवाल्या काकू सेक्रेटरीकडे गेलो, त्यांनी "बघू" म्हटलं. दुसऱ्याच दिवशी पहिला केबलवाला स्वतः वर आला आणि म्हणाला ताई आधी बोलायचं ना. महिन्याचे महिन्याला ४७१, डिपॉझिट ५००, पावती घेतली, सही पण घेतली. त्या दोन्ही काकूंनीही स्वतःचं वेगळं घेतलं त्यामुळे पासवर्डचा प्रश्न आला नाही. बहिणीचा फोन कॉलवाल्या पॅकवर टाकला, ॲपमध्ये तो पॅक शोधायला वीस मिनिटं लागली. महिन्याला सव्वातीनशे जास्त जातात, मी ऑफिसातला वडापाव बंद केलाय असं आईला सांगितलंय, खरं म्हणजे निम्माच केलाय.

भावाचा नॉन क्रिमीलेअरचा अर्ज गेला, आठवीपासूनचा दाखला मागितला होता तो सापडला नव्हता, पत्र्याच्या पेटीत बाबांच्या पॉलिसीखाली निघाला.

एडिसन दादा, आईला तुमच्या त्या आजींची गोष्ट सांगितली. ती म्हणाली अरेरे, आणि मग म्हणाली मॅडमच्या नणंदेला हे माहीत नसेल, तिला कोण सांगणार.

एक शेवटचं विचारायचंय, बाबांचा प्रश्न आहे. रात्री ड्युटीला जाताना ते तो बॉक्स बंद करून जातात, म्हणतात आपण झोपल्यावर कशाला चालू, लाइटचं बिल येतं. खरंच येतं का जास्त?

वायरमन_दादा

महिन्याला दहा-पाच युनिट जातील फार तर. रोज चालू बंद करून ॲडॉप्टर उडाला तर दोनशे रुपये, त्याला डिपॉझिटमध्ये धरत नाहीत. बाबांना सांग चालूच राहू दे, आणि बॉक्स कपाटावर ठेव, फ्रिजच्या मागे नको.